फळ्यावरची सात नावं

मी बाजार समितीत लिलाव निरीक्षक आहे असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. म्हणून मी सरळ सांगतो, मोंढ्यात बीट काढतो. परभणी जिल्ह्यात एवढं पुरतं. बाहेरच्या वाचकांसाठी थोडं उलगडून सांगायला हवं.

मोंढा म्हणजे धान्याचा बाजार आणि बीट म्हणजे तिथला लिलाव. शेतकरी सकाळी माल आणतो आणि आडत्याच्या, म्हणजे दलालाच्या, दुकानापुढच्या ओट्यावर त्याचा ढीग करतो. साडेदहाला घंटा होते आणि आमची वरात निघते. पुढे मी, हातात सौदापट्ट्यांचं पुस्तक. शेजारी बोली पुकारणारा. मागे खरीददार, हमाल, आणि ज्यांचा ढीग अजून यायचा आहे असे शेतकरी. प्रत्येक ढिगापाशी थांबायचं. खरीददार मूठभर तूर उचलतात, तळहातावर पसरून फुंकर मारतात, एखादा दाणा दाताखाली फोडतात. ओल किती, काडीकचरा किती, दाळ किती पडेल, सगळं त्या एका दाण्यात कळतं. मग बोली. चढी बोली ज्याची, माल त्याचा. मी पट्टी फाडून शेतकऱ्याच्या हातात देतो. एका ढिगाला दीड-दोन मिनिटं. सहा-सात महिन्यांच्या कष्टाचं काय होणार ते तेवढ्यात ठरतं, आणि तेवढ्या वेळात शेतकऱ्याला एकच अधिकार असतो, 'देत न्हाई' म्हणायचा.

पालमकडचे ग्यानोबा मामा हा अधिकार दरवर्षी एकदा तरी वापरत. भाव पटलेला असला तरी पहिल्या ढिगाला 'देत न्हाई' म्हणत. मी एकदा विचारलं, "मामा, भाव तर चांगला आला की."

"आला की. पन वरीसभर घरात कुनी माजं ऐकत न्हाई. हितं सात शेठ गप उभं राहून ऐकत्यात."

एका बहाद्दरानं तर बोली चढवायला आपल्या मेव्हण्यालाच खरीददारांच्या घोळक्यात उभं केलं होतं. मेव्हणा असा रंगात आला की शेवटची बोली त्याचीच ठरली. मी खरीदीचं लायसन मागितलं, तर त्यानं खिशातून एसटीचा पास काढून दाखवला.

आमच्या मोंढ्याचं नाव मी लिहीत नाही. या गोष्टीतली बरीच माणसं अजून मोंढ्यात आहेत आणि मलाही अजून तिथंच नोकरी करायची आहे. शिवाय पुढे जे सांगणार आहे त्यात पहिली चूक माझीच आहे.

मला आकड्यांचा नाद आहे. घरी गॅसचं सिलिंडर किती दिवस गेलं ते मी कॅलेंडरवर लिहितो. माझी बायको मंगल एकदा म्हणाली, "तुम्ही जेवताना पोळ्या मोजता का, खरं सांगा." मोजतो. समितीत लागलो तेव्हा मोंढ्यातले भाव तोंडातोंडी कळत. आडत्या सांगेल तो भाव. मला ते बघवेना. मी सचिवांच्या मागे लागून फाटकाजवळ एक मोठा फळा बसवून घेतला. त्यावर पिवळ्या रंगानं रेघा आखल्या आणि रकाने पाडले. ढिगाचा नंबर, माल, भाव, खरीददार. बीट संपलं की मी स्वतः उभा राहून तो भरायचो. कोणी कोणता ढीग काय भावानं घेतला ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायचं. आता लपवाछपवीला जागा उरली नाही, असं मला वाटायचं. वार्षिक सभेत सचिवांनी माझं नाव घेऊन कौतुक केलं. तो दिवस मी विसरलेलो नाही.

तुरीचे खरीददार सात होते. त्यात सगळ्यात मोठे तात्याशेठ. त्यांचे ट्रक, त्यांचं बारदानाचं दुकान. मोंढ्यातल्या प्रत्येक रिकाम्या पोत्याला त्यांचा हात लागलेला. सगळ्यात वयस्कर आप्पा. तीस वर्षं खरीदी करत होते. मऊ बोलायचे, शेतकऱ्याला बसायला ओटा झटकून द्यायचे. बाकी पाच जण या दोघांच्या मधले.

रोज दुपारी तात्याशेठचा मुनीम गजानन वही घेऊन फळ्यासमोर यायचा. त्याची लांबची नजर अधू होती. त्याला डोळे बारीक करताना बघून मला वाईट वाटायचं, म्हणून मी खुर्ची द्यायचो आणि फळा वाचून दाखवायचो. "सतरा नंबर, आप्पा. अठरा नंबर, तात्याशेठ." तो लिहून घ्यायचा. आपल्या कामाचा कोणाला तरी एवढा उपयोग होतो म्हणून मला समाधान वाटायचं.

महिनाअखेर मी बेरजा करायचो, तर सातही जणांची खरीदी जवळजवळ सारखी भरायची. नंबर एकची तूर आणि डागी तूर यांच्या भावात क्विंटलमागे साठ-सत्तर रुपयांच्या वर फरक नसायचा. आकडे असे नीटनेटके जुळले की माझ्यासारख्याला बरं वाटतं. मला तो बाजाराचा समतोल वाटायचा.

अशात सुमनबाई आल्या.

त्यांचे मालक उत्तमराव परभणीच्या एका दाळमिलमध्ये मशीन दुरुस्तीचं काम करायचे. त्या स्वतः पंधरा वर्षं आठवडी बाजारात दाळ विकायच्या. दोघांनी मिळून एक जुनी मशीन घेतली आणि गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये छोटी मिल टाकली. सहा बायका कामाला. उत्तमराव मुलखाचे अबोल, म्हणून खरीदीचं लायसन सुमनबाईंच्या नावानं निघालं. "ते मशीन बघत्यात, मी माल बघते," एवढीच त्यांनी मला ओळख सांगितली.

पहिल्या दिवशी त्या पदर खोचून घोळक्यात उभ्या राहिल्या तेव्हा तात्याशेठ म्हणाले, "ताई, हितं तूर किलोवर मिळत न्हाई. गाडीवर मिळती."

"गाडीच आनलीय, शेठ. बोला की तुमी फुडं."

शेठ बोलले. सुमनबाई त्याच्यावर एकदम शंभर रुपये चढल्या. आमचा पुकारणारा पुकारायचा थांबला. त्या मोंढ्यात कोणी पाच-दहाच्या वर चढलेलं त्यानं बघितलं नव्हतं.

त्या दिवशी त्यांना दोन ढीग मिळाले. दुसऱ्या दिवसापासून मात्र गंमत सुरू झाली. त्या ज्या ढिगापाशी वाकतील तिथे सात जणांपैकी कोणीतरी दोनशे रुपये चढायचा. त्या सोडून द्यायच्या; तेवढ्या भावात दाळ परवडत नव्हती. पुढच्या ढिगाला त्या वाकल्या नाहीत की भाव पुन्हा खाली. शेतकऱ्यांच्या हे ध्यानात यायला एक दिवस लागला. मग ते त्यांच्या मागे लागले. "बाई, आमच्या ढिगाजवळ जरा उभ्या राहा की." "मावशी, घ्यायचं नसंल तर नका घेऊ, नुसती मूठभर उचला." चार दिवस मोंढ्यात सणासारखं वातावरण होतं. मी घरी सांगितलं की स्पर्धा आली, शेतकऱ्याचं भलं झालं.

त्या चार दिवसांत सुमनबाईंना एक दाणा मिळाला नव्हता, हे मात्र मी मोजलं नव्हतं.

त्यानंतर त्यांना रोज दोन-तीन ढीग मिळायला लागले आणि मी निश्चिंत झालो. दोन आठवडे गेले. मग पुन्हा एकही ढीग नाही. त्या वाकतील तो ढीग सोडला तर भाव जुन्या जागी आले.

खरीददारांचा साठा तपासणं हे माझ्या कामात येतं. त्या महिन्यात मी मिलवर गेलो तर मशीन थंड. बायका शेवटची तीन-चार पोती निवडत बसलेल्या. उत्तमराव पान्यानं एक नट घट्ट करत होते. तो आधीच घट्ट होता.

"मशीन कामून बंद?" मी विचारलं.

"काय घालू तिच्यात, दादा? तुमच्या फळ्यावरचा खडू?" सुमनबाई म्हणाल्या. मग माझा चेहरा बघून त्यांनीच स्टूल पुढे केलं. "बसा. चहा टाकते."

"माझा फळा मधेच कुठून आला?"

"गजानन मुनीम रोज काय लिवून न्हेतो?"

"भाव."

"मी त्याच्या मागं उभी राहून बघितलंय. भाव लिवतच न्हाई त्यो. कोन्या ढिगावर कुनाचं नाव, येवढंच लिवतो."

मी स्टुलावर टेकलो.

"सकाळी चहाच्या हॉटेलात सात जनांचं ठरतं, दादा. कोन्ता ढीग कुनाचा, कुठवर जायचं. बाकीचे नुसतं तोंड हालवत्यात. आन दुपारी तुमच्या फळ्यावरनं तपासनी. कुनी ठरल्यालं मोडलं का, ते बघायला. आप्पांनी पंधरा दिवस त्यांच्या नंबराचे ढीग मला सोडले. दया आली आसंल. फळ्यावर आप्पाच्या जागी माजं नाव दिसलं. तात्याशेठनं आप्पाला बारदाना बंद केला, ट्रक बंद केला. आप्पा स्वतः येऊन सांगून गेले मला. म्हनले, बाई, मला म्हातारपनी हे झेपत न्हाई."

चहा आला. मला तो घेववेना.

"तुमी लय मन लावून लिवता," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "अक्षर बी लय सुंदर हाय. पन त्या अक्षरानंच माजी मिल बंद पडायलीय. म्हैनाअखेरपतूर बघते. गंगाखेडचा एक जन मशीन न्यायला तयार हाय."

दुसऱ्या मोंढ्यातून तूर आणायची तर तिथलं लायसन वेगळं आणि वाहतुकीतच नफा संपायचा. मला ते तोंडपाठ होतं, म्हणून मी सुचवलंही नाही.

त्या रविवारी मी मागच्या तीन महिन्यांच्या सौदापट्ट्यांच्या कार्यालयाकडच्या प्रती घरी पसरून बसलो. ढिगांवरची नावं ओळीनं एका कागदावर उतरवली. भावाचा रकाना आयुष्यभर वाचला होता. नावांचा कधी वाचला नव्हता. सात नावं. मग तीच सात नावं, त्याच क्रमानं. मग पुन्हा तीच. ज्या पंधरा दिवसांत सुमनबाईंना माल मिळाला, तिथे प्रत्येक वेळी गळलेलं नाव आप्पांचं होतं.

मंगल भाजी निवडता निवडता बघत होती. मी तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे सात शेठ नाहीतच. एकच शेठ आहे, सात टोप्या घातलेला."

पुढच्याच आठवड्यात परभणीला आमचं प्रशिक्षण होतं. अशा प्रशिक्षणात मी एरवी उपस्थितांची संख्या मोजतो. या वेळी एक निवृत्त अधिकारी स्पर्धा कायद्यावर बोलले आणि मी पहिल्या रांगेत बसून ऐकलं. मी वकील नाही. जसं समजलं तसं सांगतो.

हा कायदा मोठ्या माणसाला मोठं होऊ नको म्हणत नाही. चांगला माल, कमी खर्च, गोड वागणूक या जोरावर कोणी मोठं झालं तर त्याला कायद्याची हरकत नाही. हरकत तीन गोष्टींना आहे. एकमेकांशी चढाओढ करायची ती माणसं आतून ठरवून बसली तर. एखादा इतका मोठा झाला की त्या जोरावर दुसऱ्याचं बारदान, ट्रक, रस्ता अडवू लागला तर. आणि दोन-तीन मोठे मिळून एक होणार असतील, मागे दुसरा कोणी उरणार नसेल तर. सिमेंट असो, औषध असो की तूर. विकणाऱ्याला 'देत न्हाई' आणि घेणाऱ्याला 'घेत न्हाई' म्हणता यावं, आणि म्हटल्यावर जायला दुसरं दार असावं, एवढ्यासाठी हा कायदा आहे. ते दार नसेल तर तुमचा नकार पोकळ आहे. मला ग्यानोबा मामा आठवले. इतकी वर्षं ते मोठ्या ऐटीत नकार देत होते आणि पुढच्या दिवशी तोच माल त्याच सातांपैकी ज्याचा नंबर असेल त्याला जात होता.

मंगलनं एक प्रश्न विचारायला सांगितला होता, तो मी विचारला. आमच्या गल्लीतल्या दोन्ही पिठाच्या गिरण्या एकाच दिवशी दर कशा वाढवतात? अधिकारी हसले. म्हणाले, विजेचा दर वाढला म्हणून दोघांनी आपापलं वाढवलं तर तो गुन्हा नाही. दोघांनी बसून ठरवलं तर आहे. दर सारखा असणं हा पुरावा नाही, ठरवणं हा दोष आहे. मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यात राहिली. अशा टोळीतला जो माणूस आधी येऊन कबूल करतो त्याला हा कायदा दंडात सूट देतो. कारण या टोळ्या प्रेमानं टिकत नाहीत, एकमेकांवरच्या पहाऱ्यानं टिकतात. पहारा सैल केला की पुरे.

आमच्याकडचा पहारेकरी मी होतो. खुर्ची देऊन वाचून दाखवणारा.

आमच्या उपविधीत बिटाचे दोन प्रकार लिहिलेले आहेत, उघड बोली आणि बंद चिठ्ठी. दुसरा कोणाच्या लक्षातही नव्हता. मी सचिवांना लेखी दिलं. प्रत्येक खरीददारानं ढीग बघून आपला भाव चिठ्ठीवर लिहायचा, सही करायची, चिठ्ठी पेटीत टाकायची. पेटी कार्यालयात शेतकऱ्यांसमोर उघडायची. फळ्यावर फक्त ढिगाचा नंबर आणि भाव. खरीददाराचं नाव शेतकऱ्याच्या पट्टीवर, बाकी कुठेही नाही. कोणाचा माल कुठे चालला हे डोळ्यांना थोडंफार दिसणारच. पण साठ-सत्तर ढिगांचं रोजचं गणित डोळ्यांनी ठेवता येत नाही. त्याला माझा फळा लागायचा.

सचिव म्हणाले, "जाधव, शेठलोकांना चिठ्ठ्या टाकायला लावता? लकी ड्रॉ आहे का?" मी नावांचा तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी बोटानं सात नावं मोजली, पुढची सात मोजली, आणि चष्मा काढला. "सोमवारपासून करा," म्हणाले. "बोंब झाली तर तुम्ही पुढं राहा."

रविवारी मी फळ्यावरचा नावांचा रकाना टर्पेंटाइननं पुसला. सांगायला लाज वाटते, पण पुसताना वाईट वाटलं.

सोमवारी सातांपैकी एकही खरीददार आला नाही. तात्याशेठनं निरोप पाठवला, बीट बंद. मोंढ्यात अडुसष्ट ढीग उघड्यावर पडलेले. मंगळवारी आभाळ भरून आलं. शेतकरी ताडपत्र्या शोधत फिरत होते आणि मी दिसलो की थांबत होते.

ग्यानोबा मामाही आले होते. "जाधव सायेब, तुमच्या चिठ्ठ्या काय आमच्या बैलाला खाऊ घालू?"

आकडे माझ्या बाजूनं होते, पण माल त्यांचा होता आणि भिजणार होता तोही त्यांचाच.

खरीददार म्हणून त्या दिवशी एकट्या सुमनबाई आल्या होत्या. शेतकऱ्यांनी त्यांना घेरलं. "बाई, तुमीच घ्या समदं. काय द्यायचं ते द्या." "उधार घ्या, पन उचला." महिनाअखेरीला चार दिवस उरले होते. मिल बंद होती. समोर अडुसष्ट ढीग, म्हणेल तो भाव. त्यांनी एका ढिगात मनगटापर्यंत हात घातला आणि तसाच ठेवला. मी बघत होतो. त्यांनी घेतलं असतं तर मी पट्ट्या फाडल्या असत्या. अडवायला माझ्याकडे नियम नव्हता.

त्यांनी हात काढून झटकला. "न्हाई घेत."

"का ओ मावशी?" ग्यानोबा मामा रडकुंडीला आले होते.

"मी एकटीच घेनारी आसले तर मी बी तात्याशेठच की. आज मी बरा भाव देईन. उद्या देईन का, माजं मला म्हाईत न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दादा, दोघं आसले तर बीट व्हतं का?"

"दोघं असले तर होतं."

"चला मग."

त्या स्कूटीवर, मागे मी मोटारसायकलवर. आप्पांच्या घरी गेलो. बीट बंद असूनही आप्पा कोट-टोपी घालून ओसरीवर बसले होते. तीस वर्षांची सवय. आम्हाला बघून उठले, मग परत बसले.

"बाई, मी तुला म्हनलं व्हतं, मला झेपत न्हाई. ढीग सोडायला लावू नको."

"सोडू नका, आप्पा. ते सांगायलाच आले. तुमी दया केली, मी घेतली. पन ज्याचा ढीग व्हता त्याला काय मिळालं? तुमी गप, मी गप, भाव तेवढाच. आता माज्याविरुद्ध लिवा."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"बारदाना कुठला आनू? तात्या एक पोतं देनार न्हाई."

"माजा घ्या. मिल बंद हाय, पोती रिकामीच पडल्यात."

आप्पा खरंच हसले. "तुजं पोतं घेऊन तुज्याच वर चढू?"

"चढा की. त्याच्यासाठीच बोलवायलेय."

आतून आप्पांच्या सूनबाई दारात आल्या होत्या. "मामंजी, पाऊस यायलाय. जायचं तर आताच जावा," एवढंच म्हणाल्या. आप्पांनी पायात चपला घातल्या.

त्या दुपारी दोघांनी अडुसष्ट ढीग बघितले. एकमेकांकडे पाठ करून चिठ्ठ्या लिहिल्या. मी शेतकऱ्यांसमोर पेटी उघडली. पहिला ढीग ग्यानोबा मामांचा निघाला. दोन चिठ्ठ्या, मागच्या आठवड्याच्या भावापेक्षा दोन्ही दीडशे रुपयांहून जास्त. मी मामांना विचारलं, "काय म्हणता?"

मामांनी आयुष्यात पहिल्यांदा पहिल्या ढिगाला "देतो" म्हटलं. म्हणाले, "आता न्हाई म्हनायची हौस फिटली."

दोघांना मिळून पंचवीसच ढीग झेपले. त्यांच्यापाशी तेवढीच ताकद होती. बाकीचे आम्ही कसेबसे शेडमध्ये हलवले. सहा ढीग भिजले. त्या सहा शेतकऱ्यांची नावं मला अजून तोंडपाठ आहेत.

बुधवारी पाचांपैकी दोघं मागच्या फाटकानं आले. गुरुवारी बाकीचे तिघं. शेवटी शुक्रवारी तात्याशेठ. दुसरे माल उचलतायत आणि आपण घरी बसलोय, हे त्यांच्यानं सहन झालं नाही. चिठ्ठीवर भाव लिहिताना त्यांनी डावा हात आडवा धरला होता, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा. गजानन मुनीम दुपारी वही घेऊन आला, फळ्यापुढे उभा राहिला. मी सवयीनं खुर्ची दिली. "ह्याच्यात नावंच न्हाईत, सायेब," तो म्हणाला. "न्हाईत," मी म्हटलं. तो थोडा वेळ बसला आणि रिकाम्या वहीनं वारा घेत गेला.

सगळं सरळ झालं असं मी म्हणणार नाही. मधून मधून चिठ्ठ्यांवरचे आकडे संशय यावा इतके एकसारखे येतात. तेव्हा मी पट्ट्यांच्या प्रतींवरची नावं उतरवून बसतो, आणि तीन वेळा सचिवांकडे कागद घेऊन गेलोही आहे. आमच्यातलं कोणीही वर स्पर्धा आयोगापर्यंत गेलं नाही. जायला हवं होतं का, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. तात्याशेठचे ट्रक अजूनही सगळ्यात जास्त आहेत. ते त्यांनी मेहनतीनं घेतलेत, त्याला माझी हरकत नाही. गंगाखेडचा माणूस मशीन न्यायला आला होता. उत्तमरावांनी त्याला चहा पाजला, चालू मशीन दाखवली आणि न बोलता फाटकापर्यंत सोडलं.

पुढे दोन-अडीच महिन्यांनी, एका साध्याशा दिवशी, फळ्यावर भाव लिहून मी हात झटकत होतो. आप्पा कोटाच्या खिशातून आपली टिपणं काढून फळ्याशी ताडून बघत होते. एका आकड्यावर त्यांचं बोट थांबलं.

"एकेचाळीस नंबर," ते म्हणाले. "दहा रुपयानं ग्येला की ओ माजा!"

मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं असेल. वळून बघितलं तर म्हाताऱ्याचा चेहरा उजळला होता.

"तीस वर्सं झाली, सायेब. ढीग कधी हारलो न्हाई. आन खरं सांगू का, जितलो बी न्हाई. वाट्याला आला त्यो घेतला." परत बोट आकड्यावर. "लय चांगला माल व्हता. कुनी न्हेला?"

"नाव सांगता येत नाही, आप्पा."

एकेचाळीस नंबरची पट्टी मीच फाडली होती. तूर त्याच वेळी सुमनबाईंच्या मिलकडे निघाली होती.

"नका सांगू," आप्पा म्हणाले. टिपणाचा कागद घडी करून खिशात ठेवला, टोपी सरळ केली. "उद्या पंधरानं चढतो."